मॉरिशसची पाखरं, रॉड्रिग्जची वटवाघळं आणि फिलाडेल्फियाचा एक अंधारा कोपरा

तुम्ही गाडीत असाल, रविवारचे पोहे परतत असाल, किंवा महिनाभराने हा मजकूर वाचत असाल, तरी चालेल. आज शिवाजी महाराज नाहीत, पेशवे नाहीत. आज वटवाघळं आहेत. थांबा, पान बंद करू नका. या गोष्टीत फणस आहे, गोत्र आहे आणि मराठी माणूसही आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. स्टेट कॉलेजला पाहुणे आले की आपण त्यांना आधी कुठे नेतो? युनिव्हर्सिटीतल्या त्या दगडी सिंहापाशी. आईवडील भारतातून आले की त्यांचा एक फोटो तिथे होतोच. माझ्या आईने तर सिंहाला नमस्कारही केला होता. हाइन्झ वार्नेकी नावाच्या शिल्पकाराने तो चुनखडीच्या दगडात कोरला आणि १९४२ साली तो तिथे बसला. पण निटनी लायन हा खरं म्हणजे सिंह नव्हे. तो प्यूमा, इथल्या डोंगरातला मोठा रानमांजर. शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे तो पेनसिल्व्हेनियातून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला. १८५६ साली सस्क्वेहाना काउंटीत सॅम्युअल ब्रश नावाच्या माणसाने मारलेला एक प्यूमा पेंढा भरून ठेवलेला आहे आणि तो पेन स्टेटकडेच आहे. म्हणजे आपण शनिवारी ज्याच्या नावाने ओरडतो, तो प्राणी आपल्या राज्यात फक्त दगडात आणि पेंढ्यात उरला आहे.

याच राज्याच्या आकाशात एके काळी पॅसेंजर पिजन नावाची कबुतरं इतक्या संख्येने उडायची की दिवसा सावली पडायची. त्यातलं शेवटचं कबूतर, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. प्राणिसंग्रहालयाचं त्या काळचं काम बहुधा एवढंच होतं: शेवटच्याला पिंजरा देणं आणि तो मेल्याची तारीख लिहून ठेवणं.

मी लहानपणी एका प्राणिसंग्रहालयात एक अस्वल पाहिलं होतं. ते सिमेंटच्या खोलीत पाच पावलं पुढे, पाच पावलं मागे करत होतं. त्यानंतर बरीच वर्षं मला प्राणिसंग्रहालय म्हटलं की तेच आठवायचं. म्हणून मुलीने फिलाडेल्फियाला झू बघायला जायचा हट्ट धरला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. तीन तासांहून जास्त गाडी चालवायची, आणि तीही असल्या गोष्टीसाठी? शेवटी गेलो. बायकोने थेपले आणि मटकीची उसळ बांधून घेतली होती, एवढं एक बरं होतं.

फिलाडेल्फियाचं झू हे अमेरिकेतलं पहिलं. सनद १८५९ सालची, पण मध्ये यादवी युद्ध झालं आणि दारं उघडली १ जुलै १८७४ रोजी. मोठ्यांना २५ सेंट, लहानांना १० सेंट असं तिकीट होतं. तिथे दुर्मीळ प्राण्यांची एक इमारत आहे. त्या इमारतीत एका मंद उजेडाच्या खोलीत काचेमागे वटवाघळं उलटी टांगलेली होती. आपल्याकडे वडावर लटकतात तशी काळीकुट्ट नाहीत; मानेवर आणि खांद्यांवर सोनेरी लव, तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं. पाटीवर लिहिलं होतं: रॉड्रिग्ज बेट, मॉरिशस.

मुलगी पाटी वाचून म्हणाली, "बाबा, मॉरिशस म्हणजे आपल्या गणपतीला त्या ताई येतात, त्यांचं ना?"

बरोबर. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती आठवत असेल. मॉरिशसहून शिकायला आलेली विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी आरतीला सगळ्यांत पुढे उभी राहून एकही कडवं न चुकता म्हणणारी. आपल्यातले निम्मे जण तिसऱ्या कडव्यानंतर नुसते ओठ हलवत होते. तिच्या घराण्यात कुणीतरी सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून निघालं. गाव कुठलं ते तिला माहीत नाही. घरी ती क्रिओल बोलते आणि मराठी शाळेत शिकली, म्हणून तिचं मराठी जरा पुस्तकी आहे. "काका, आपण कुशल आहात ना?" असं विचारते.

हा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्या शाळेत तो कधी शिकवला गेला नाही. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. इंग्रजांनी १८३४ पासून करार करून भारतातून माणसं नेली. पुढच्या आठेक दशकांत जवळजवळ साडेचार लाख माणसं मॉरिशसला उतरली. पोर्ट लुईस बंदरात ती ज्या पायऱ्यांवरून चढली तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. बहुतेक जण बिहारकडचे आणि दक्षिणेचे. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यात रत्नागिरीकडची माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. हेन्रिएटा गावात १८९६ साली एका मराठी कुटुंबाने गणपती बसवला, असं तिथे सांगतात. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. इथे आपल्याला एचआरकडे अर्ज करावा लागतो, ते सोडा. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, कॅस्कव्हेलसारख्या गावांमध्ये, मराठी घरं बरीच आहेत. ब्लॅक रिव्हर हे नाव लक्षात ठेवा.

आता त्या बेटाची दुसरी गोष्ट. डच खलाशी १५९८ साली तिथे उतरले. डोडो हा उडता न येणारा, कबुतराच्या कुळातला पक्षी त्यानंतर शंभर वर्षंही टिकला नाही. बोटींबरोबर उंदीर आले, डुकरं आली, माकडं आली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग फ्रेंच आले, मग इंग्रज, आणि उसाच्या मळ्यांनी बेटाचा सपाट भाग गिळला. आज मॉरिशसचं मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांच्या आसपास उरलं आहे. उसाचे ते मळे राखायला आपली माणसं नेली होती. हे आरोप म्हणून सांगत नाही. अंगठा उठवून आलेल्या मजुराला कुठलं रान तोडायचं आणि कुठलं ठेवायचं हे कुणी विचारलं नव्हतं. पण बेटाच्या इतिहासातली ही दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. उंदरांचा बंदोबस्त म्हणून १९००च्या सुमारास भारतातून मुंगसं नेऊन सोडली. मुंगसांनी उंदीर खाल्ले की नाही माहीत नाही, पाखरं मात्र खाल्ली.

१९७०च्या दशकात हिशेब असा होता. मॉरिशस केस्ट्रेल, म्हणजे ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी: १९७४ साली रानात अवघे चार माहीत होते. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी त्यांच्या अंड्यांना बाधलं होतं. शिवाय लोक त्याला क्रिओलमध्ये "कोंबड्या खाणारा" म्हणत आणि दिसला की गोळी घालत. तो खातो मुख्यतः पाली, पण नाव एकदा पडलं की पडलं. गुलाबी कबूतर: मोजके, तेही एका छोट्याशा राईत. त्या राईत जपानी सीडरची काटेरी झाडं होती आणि माकडांना त्यावर चढायला आवडत नसे, म्हणून तिथली घरटी वाचत. आणि पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर रॉड्रिग्ज. आपल्या एखाद्या तालुक्याहून लहान बेट, जंगल जवळपास संपलेलं, आणि तिथली सोनेरी वटवाघळं शंभराच्या खाली गेलेली. एका वादळात संपली असती.

इथे जेरल्ड ड्युरेल येतो. त्याचा जन्म १९२५ सालचा आणि तो आपल्या जमशेदपूरचा! बाप इंजिनियर होता. मुलगा प्राणिवेडा निघाला. त्याने १९५९ साली इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय काढलं आणि १९६३ साली एक ट्रस्ट. ट्रस्टची खूण म्हणून त्याने डोडो निवडला. प्राणिसंग्रहालय दाखवण्यासाठी नव्हे, वाचवण्यासाठी असावं, असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळच्या बऱ्याच प्राणिसंग्रहालयवाल्यांना हे खूळ वाटलं.

१९७६ साली तो मॉरिशस आणि रॉड्रिग्जला गेला. वटवाघळं पकडायची कशी? फळं लावून. आणि त्या फळांतला हुकमी एक्का कोणता? फणस. मंडळी, मी हे वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. पिकलेला फणस मॉरिशसहून रॉड्रिग्जला नेताना त्याच्या वासाने साहेबलोकांचा जीव नकोसा झाला होता. आपल्याकडे असा फणस एसटीच्या टपावर ठेवून न्यायचे आणि आतल्या लोकांना भूक लागायची. असो. रात्री जंगलात जाळी लावून, फणसाच्या वासाच्या भरवशावर, त्यांनी थोडी वटवाघळं धरली. काही मॉरिशसमध्ये ब्लॅक रिव्हरच्या पिंजऱ्यांत ठेवली, काही जर्सीला गेली. गुलाबी कबुतरंही तशीच, अंधारात झाडावर चढून धरली. जर्सीत वटवाघळांची पिल्लावळ वाढली आणि मग ती इतर प्राणिसंग्रहालयांना वाटली गेली. आम्ही फिलाडेल्फियाच्या काचेमागे पाहिली ती याच पिल्लावळीतली.

वाटली का? सगळी एकाच ठिकाणी ठेवून आग लागली, रोग आला, तर? तुम्ही तुमचे सगळे फोटो एकाच लॅपटॉपवर ठेवता का? (ठेवता, मला माहीत आहे.) आमच्या आयटीत याला बॅकअप म्हणतात आणि बॅकअपचा पहिला नियम असा की तो दुसऱ्या गावात असावा.

पण पाखरांचा बॅकअप काढणं सर्व्हरपेक्षा फार अवघड आहे. पाखरं वाढतात, मरतात आणि मुख्य म्हणजे नात्यात जुगतात. आठ-दहा जीवांपासून वंश सुरू केला की तिसऱ्या पिढीत सगळेच भावंडं. मग अंडी उबत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात. आपल्या आज्यांना हे नक्की समजलं असतं. सगोत्र नको, मामेबहीण की आतेबहीण यावर दोन तास वाद, पत्रिका, सात पिढ्या. प्राणिसंग्रहालयांचं नेमकं हेच झालं. त्यांनी प्रत्येक दुर्मीळ जातीची वंशावळीची वही ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक प्राण्याला नंबर, आई कोण, बाप कोण, जन्म कुठे, आता कुठे.

ही वही कागदावर पुरेना. १९७४ साली मिनेसोटात युलिसिस सील या बायोकेमिस्टने एका सहकाऱ्याबरोबर सर्व प्राणिसंग्रहालयांची एक सामायिक संगणकीय नोंद सुरू केली. विचार करा, १९७४! तेव्हा इंटरनेट नाही, पीसी नाही. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी एकाच साच्यात माहिती भरायची. मी गेली वीस वर्षं कंपन्यांना हेच करायला लावतो आणि एकाच इमारतीतले दोन विभाग माझं ऐकत नाहीत. आज त्या नोंदवहीत जगभरातल्या हजाराहून अधिक संस्था आहेत. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी १९८१ साली जातवार योजना आखल्या, युरोपने १९८५ साली. त्यात एक माणूस वही बघून ठरवतो की या झूमधला नर त्या झूमधल्या मादीकडे पाठवायचा, आणि या जोडीने आता थांबायचं, कारण त्यांचं रक्त वंशात पुरेसं आलं आहे. ज्याचे नातेवाईक वंशात सर्वांत कमी, त्याचं स्थळ सर्वांत चांगलं. शंभर वर्षांनंतरही मूळच्या विविधतेपैकी नव्वद टक्के टिकावी, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. मी एमबीएत पाच वर्षांचे प्लॅन शिकलो. हे लोक शंभराचे करतात.

आता पैशांचा प्रश्न. तो मीही विचारला असता, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. १९७९ साली नॉर्मन मायर्स या नामवंत पर्यावरणतज्ज्ञाने असा मुद्दा मांडला होता की वाचवण्याजोग्या जाती हजारो आणि पैसा थोडा. मग मॉरिशसच्या केस्ट्रेलसारख्या जवळपास गेलेल्या पक्ष्यावर खर्च करावा का? त्याच पैशात दुसरीकडे कितीतरी वाचेल. बिझनेस स्कूलच्या वर्गात या मुद्द्याला मी टाळी दिली असती. त्याच वर्षी कार्ल जोन्स नावाचा चोविशीतला वेल्श तरुण मॉरिशसला पोचला. त्याला पाठवलं होतं तो प्रकल्प गुंडाळायला. आमच्या धंद्यात अशी कामं येतात. तुम्ही जाता, हिशेब बघता, कुलूप लावून किल्ली आणून देता.

त्याने कुलूप लावलं नाही. तो कड्यांवर चढून केस्ट्रेलच्या घरट्यातली पहिली अंडी काढून आणू लागला. मादी पुन्हा अंडी घालते, हे शेतात कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्लं हाताने भरवायची आणि रानातल्या जोडीला वरून पांढरे उंदीर खाऊ घालायचे, म्हणजे ती दुसऱ्यांदा जोमाने बसते. जर्सीचं झू मागे उभं राहिलं, अमेरिकेतली ससाणे पैदास करणारी द पेरेग्रिन फंड ही संस्थाही आली. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत ३३१ केस्ट्रेल रानात सोडले. चारांचे शेकडो झाले. जोन्सला २०१६ साली इंडियानापोलिस प्राइझ मिळालं. या सगळ्याचा मुख्य तळ कुठे होता? ब्लॅक रिव्हर. गणपतीच्या ढोलाचा आवाज पोचावा इतक्या अंतरावर मराठी वस्ती.

पण गोष्ट परीकथेसारखी संपत नाही. काम थांबल्यावर केस्ट्रेलची संख्या पुन्हा घसरली आणि २०१४ साली तो पुन्हा धोक्यातल्या यादीत गेला. गुलाबी कबुतराचं तर अजून शिकण्यासारखं. १९९०च्या आसपास रानात दहाच्या आसपास उरली होती. पिंजऱ्यात वाढवलेली सोडत, खाऊ घालत, उंदीर मारत ती चार-पाचशेवर आली आणि २०१८ साली धोक्याची पायरी एकाने खाली उतरली. सगळीकडे बातम्या आल्या. पण २०२२ साली शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकं तपासून सांगितलं की संख्या वाढली तरी आतून झीज चालूच आहे. काही केलं नाही तर पन्नास-शंभर वर्षांत हा पक्षी रानातून जाऊ शकतो. उपाय? काही जुनं रक्त रानातून संपलंय, पण ते परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या कबुतरांमध्ये टिकून आहे. ते परत न्यायचं. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी परगावी गेलेल्या शाखेकडे आता मूळ घर वंश मागतंय. हे वाचताना आपल्यासारख्या बाहेर राहिलेल्यांना काय वाटलं असेल ते मी सांगायला नको.

रॉड्रिग्जच्या वटवाघळांची कथा मात्र उलटी. आज बेटावर ती वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यासाठी प्राणिसंग्रहालयातलं एकही वटवाघूळ परत सोडावं लागलं नाही! डोंगरउतारांवर झाडं लावली, पाणलोटाचं रान राखलं, आणि वटवाघळं आपली आपण वाढली. मग त्या जर्सीच्या आणि फिलाडेल्फियाच्या वटवाघळांचा उपयोग काय झाला? इन्शुरन्सचा होतो तोच. क्लेम करावा लागला नाही म्हणून हप्ता वाया गेला असं आपण म्हणत नाही. निदान म्हणू नये.

आणि त्या हप्त्यातून आणखी एक गोष्ट झाली. १९९०च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयाने रॉड्रिग्ज बेटावर एका स्थानिक शिक्षकाचं काम सुरू करायला पैसा दिला. तो शाळाशाळांतून, वस्तीवस्तीतून फिरून मुलांना सांगायचा की हे वटवाघूळ जगात फक्त आपल्याकडे आहे, आणि झाडांच्या बिया तेच पसरवतं. मला ही सगळ्यांत शहाणी गुंतवणूक वाटते. रॉड्रिग्जच्या शाळकरी मुलांच्या नजरेचं महत्त्व त्याआधीच दिसलं होतं. १९८०च्या सुमारास तिथल्या एका शाळकरी पोराने मास्तरांना दाखवायला एक फांदी आणली आणि ती निघाली नामशेष समजलेल्या रानकॉफीची. अख्ख्या जगात एकच झाड उरलं होतं. त्याची कलमं लंडनच्या क्यू बागेत नेऊन वाढवली. ड्युरेलनेही हेच ओळखलं होतं. जर्सीत शिकायला आलेला पहिला प्रशिक्षणार्थी १९७७ सालचा, मॉरिशसचा यूसुफ मुंगरू. पुढे १९९४ साली ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तोच त्याचा पहिला संचालक.

फिलाडेल्फियाचा असाच एक जुना उद्योग पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाबरोबर एक साप तिथे शिरला आणि त्याने जंगलातली पाखरं संपवत आणली. १९८०च्या दशकात फिलाडेल्फिया आणि इतर प्राणिसंग्रहालयांनी धावपळ करून २९ सिहेक, म्हणजे तिथले खंड्या पक्षी, उचलून आणले. १९८८ पर्यंत रानातला शेवटचा गेला होता. छत्तीस वर्षं ही जात फक्त पिंजऱ्यांत जगली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या वंशातले नऊ तरुण पक्षी पामायरा नावाच्या सापविरहित बेटावर सोडले. ग्वामला नव्हे, साप अजून तिथे आहेच. तरी उघड्या आकाशात.

हे सगळं मी त्या विद्यार्थिनीला उत्साहाने सांगितलं. कोजागरीला आमच्याकडे दूध प्यायला आली होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, एक सांगू? रागावू नका. रॉड्रिग्जची वाचली, छान झालं. पण आमच्या मॉरिशसच्या सोव्हसूरीचं काय?"

सोव्हसूरी म्हणजे वटवाघूळ. मॉरिशसच्या मुख्य बेटावर दुसऱ्या जातीचं वटवाघूळ आहे, काळसर. ते लिची आणि आंबे खातं. नोव्हेंबर-डिसेंबरात लिचीचा हंगाम, आणि गावागावात परसात एखादं झाड असतंच. बागवाल्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ पासून सरकारने स्वतःच ती मारायला सुरुवात केली, हजारोंच्या संख्येने, पुन्हा पुन्हा. २०१८ साली ही जातही धोक्यातल्या यादीत गेली. म्हणजे त्याच देशात एक वटवाघूळ जगभरच्या प्राणिसंग्रहालयांचं लाडकं आणि दुसरं बंदुकीसमोर. मारून नुकसान थांबलं नाही, असं अभ्यासक सांगतात. जाळी घालण्यासाठी सरकार अनुदानही देतं. पण परसातल्या एका झाडासाठी अर्ज, फॉर्म, हेलपाटे कोण घालणार?

"तुमच्याकडे टाळ्या वाजवायला सोपं आहे," ती म्हणाली. "तुमच्या झाडावर कुणी येत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या अंगणातले टोमॅटो हरणांनी खाल्ले तेव्हा मी शेजाऱ्याला काय काय बोललो होतो ते बायकोने तिथल्या तिथे आठवून दिलं. बागेला सहा फुटांची तार लावून मी अजून हरणांना शिव्या देतो, आणि हरण तर इथे पोत्याने आहेत.

मी तिला विचारलं, तुमच्या घरी काय करतात? तिच्या आजीचं कॅस्कव्हेलला लिचीचं एक जुनं झाड आहे. आजी आता थकली. पूर्वी ती रात्री डबा वाजवत बसायची. गेल्या वर्षी नातवंडांनी मिळून पैसे जमवले आणि जाळी आणली. जाळी लहान पडली, खालच्या फांद्यांनाच पुरली. दुसरी आणू म्हटलं तर आजी नको म्हणाली. वरच्या फांद्यांपर्यंत तिची काठी पोचत नाही, तेवढ्या त्यांच्या.

परवा तिने मला फोटो पाठवला. हिरव्या जाळीत गुंडाळलेलं झाड, आणि वर शेंड्याला तांबडे घोस तसेच मोकळे.